खंड कोण उघडतो?

विद्यापीठीय ग्रंथालयाच्या वार्षिक अंदाजपत्रकात सर्वांत मोठी रक्कम कोणत्या बाबीवर खर्ची पडते, असा प्रश्न एखाद्या नवागत विद्यार्थ्याला विचारला, तर तो बेलाशक ‘पुस्तकांवर’ असे उत्तर देईल. आणि विज्ञानशाखा जेथे प्रबळ आहेत अशा विद्यापीठांत ते उत्तर गेली कित्येक दशके चुकीचे ठरत आले आहे. पुस्तक एकदा विकत घेतले की त्याचा हिशेब मिटतो. नियतकालिकाची वर्गणी मात्र वर्षानुवर्षे भरावी लागते, ती एखाद्या वर्षी चुकली की त्या वर्षाचा खंड अपुरा राहतो, आणि अपुरा संच जाणकारांच्या लेखी दुखऱ्या दातासारखा असतो. ज्या संग्रहावर इतक्या नेमाने खर्च होतो तो नेमका कोण वापरतो आणि कशासाठी, हा प्रश्न म्हणूनच ग्रंथपालांना पुस्तकांच्या प्रश्नापेक्षा अधिक छळत आला आहे. त्याचे उत्तर आकड्यांत देण्याचे अनेक प्रयत्न झाले. त्यांतले काही फार हुशारीचे होते. परंतु अध्यापक ज्या वाटेने नियतकालिकाकडे जातो आणि विद्यार्थी ज्या वाटेने जातो त्या दोन वाटा मुळातच निराळ्या आहेत, ही गोष्ट त्या आकड्यांच्या मांडणीत बहुधा निसटून गेली.

विद्वत्तेच्या व्यवहारात नियतकालिक तसे उशिराच आले. १६६५ सालच्या जानेवारीत पॅरिस येथे दनी द सालो याने ‘जूर्नाल दे सावां’ सुरू केले आणि दोनच महिन्यांनी, मार्चमध्ये, लंडनच्या रॉयल सोसायटीचे चिटणीस हेन्री ओल्डेनबर्ग यांनी ‘फिलॉसॉफिकल ट्रॅन्झॅक्शन्स’चा पहिला अंक काढला. तोवर पंडितांचा परस्परव्यवहार पत्रांनी चालत असे. ओल्डेनबर्ग यांच्या टेबलावर युरोपभरच्या अशा पत्रांचा ढीग पडलेला असे, आणि त्यांतील उपयुक्त मजकूर छापून एकाच वेळी अनेकांच्या हाती द्यावा ही कल्पना त्या ढिगातूनच निघाली असणार. नियतकालिकाच्या अंगी तेव्हापासून दोन गुण एकत्र नांदत आले आहेत. ताजा अंक हा पत्राच्या जातीचा असतो, तो वाचायचा, त्यावर बोलायचे आणि पुढल्या अंकाची वाट पाहायची. तोच अंक वर्षअखेर बांधून खंडात गेला की दप्तराच्या जातीचा होतो, तो कोणी सलग वाचत नाही, गरज पडेल तेव्हा त्यातला हवा तो कागद काढून पाहतात.

हे रूपांतर ग्रंथालयात घडताना पाहणे मनोरंजक असते. अंक टपालाने आला की नियतकालिक विभागातील कर्मचारी वेष्टन काढून प्रथम त्याची नोंद करतो. संगणक येण्यापूर्वी ही नोंद कारडेक्स नावाच्या लोखंडी कपाटात होत असे. त्याचे कप्पे उथळ असत, प्रत्येक कप्प्यात जाड कागदाची कार्डे एकावर एक किंचित सरकवून बसवलेली असत, आणि प्रत्येक कार्डाच्या खालच्या कडेवर नियतकालिकाचे नाव लिहिलेले असल्यामुळे कप्पा ओढताच अनेक नावे एकदम नजरेखाली येत. कार्डावर महिनेवार चौकटी. अंक रुजू झाला की चौकटीत तारीख, चौकट फार दिवस रिकामी राहिली की पुरवठादाराला स्मरणपत्र. शिक्का बसला की अंक तिरप्या फळ्यांच्या रॅकवर जाई. फळी वर उचलली की तिच्या पोटात त्याच वर्षीचे आधीचे अंक आडवे ठेवलेले सापडत. वर्ष सरले, सर्व अंक जुळले, की बाड बांधणीसाठी बाइंडरकडे रवाना होई आणि काही महिन्यांनी कापडी पाठ, तिच्यावर सोनेरी अक्षरांत नाव, खंडाचा क्रमांक आणि साल असा थाट करून परत येई. नेमक्या त्याच महिन्यांत कोणा ना कोणाला तो अंक हवा असतो, हा ग्रंथालयातील अलिखित नियम होय.

अध्यापक मुख्यतः या रॅकपाशी भेटतो. त्याच्या विषयात नियतकालिके शेकड्यांनी निघत असली तरी तो स्वतः चारपाचच नेमाने पाहतो, आणि ती पाहण्याची त्याची रीतही ठरलेली असते. अंक उचलायचा, उभ्याउभ्याच अनुक्रमणिकेवरून नजर फिरवायची, ओळखीचे नाव दिसले की तो लेख उघडायचा, गोषवारा आणि निष्कर्ष वाचायचे, आणि लेख खरोखरीच कामाचा वाटला तरच खुर्ची ओढून बसायचे. पुष्कळदा तो ज्याच्या शोधात आलेला नसतो तेच त्याला सापडते. शेजारच्या पानावरचा, आपल्या उपविषयाशी दूरान्वयानेही संबंध नसलेला एखादा लेख डोळ्यांत भरतो आणि पुढे त्याच्या व्याख्यानात त्याचा दाखला येतो. ज्या ग्रंथालयांना मोजकीच परदेशी नियतकालिके परवडत, तेथील अध्यापकांनी याला एक पूरक तोड काढली होती. अमेरिकेतील यूजीन गार्फील्ड यांनी १९५० नंतरच्या दशकात ‘करंट कंटेंट्स’ नावाची पुस्तिका सुरू केली. तिच्यात लेख नसत, शेकडो नियतकालिकांच्या केवळ अनुक्रमणिका छापलेल्या असत. ती चाळायची, हवे ते शीर्षक हेरायचे, आणि लेखकाच्या पत्त्यावर एक छापील कार्ड पाठवून लेखाची प्रत मागवायची. महिन्या-दोन महिन्यांनी विमानाच्या टपालाने सुट्या लेखाची प्रत हाती येई, कधी त्यावर लेखकाची सही असे. या मार्गाने वाचलेल्या लेखांची नोंद कोणत्याही ग्रंथालयाच्या दफ्तरी झाली नाही, हे पुढच्या विवेचनासाठी ध्यानात ठेवावयास हवे.

विद्यार्थ्याची गोष्ट वेगळी. पदवीच्या वर्गातील विद्यार्थी नियतकालिकांच्या विभागात क्वचितच शिरतो, कारण त्याचा अभ्यासक्रम पाठ्यपुस्तकांत मावतो आणि परीक्षाही तेवढ्यावर निभावते. एम. ए. किंवा एम. एस्सी. च्या वर्गात कोणी शिक्षक एखाद्या लेखाचा उल्लेख करून तो ‘वाचून या’ म्हणतो तेव्हा त्याची पहिली फेरी होते, आणि संशोधनासाठी नाव नोंदवल्यावर मात्र त्याला येथेच मुक्काम ठोकावा लागतो. त्याच्या हातात नियतकालिकाचे नाव नसते, एका लेखाचा संदर्भ असतो. आणि तोही अशा सांकेतिक लिपीत की नवख्याने गांगरून जावे. रसायनशास्त्राच्या जुन्या लेखाखाली नुसते ‘बेर.’ असे त्रोटक नाव, मग खंड, मग पृष्ठ. हे ‘बेर.’ म्हणजे जर्मन रासायनिक संस्थेचे ‘बेरिख्ते’, हे कोणी सांगितल्यावाचून कळत नाही, आणि कळले तरी दुसऱ्या महायुद्धानंतर ते ‘केमिशे बेरिख्ते’ या नव्या नावाने निघू लागल्यामुळे त्याचे पुढले खंड वर्णानुक्रमाने भलत्याच कपाटात जाऊन बसलेले असतात. संस्कृतच्या विद्यार्थ्याला ‘ए. बी. ओ. आर. आय.’ अशी आद्याक्षरे दिसतात, आणि ती भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या ‘ॲनल्स’ची होत हे ठाऊक नसले तर तो तालिकेत तासभर चाचपडत राहतो. एकदा लेख सापडला की त्याच्या तळटिपांतून आणखी दहा संदर्भ निघतात, त्या दहांतून पन्नास. विद्यार्थी अशा रीतीने मागे मागे, भूतकाळाकडे सरकत जातो, तर रॅकपाशी उभा असलेला त्याचा मार्गदर्शक पुढल्या अंकाकडे डोळे लावून असतो. एकाच दालनात दोघे वावरतात खरे. परंतु एक अंक वाचतो आणि दुसरा खंड उघडतो.

आता मोजणीकडे वळू. नियतकालिके निवडताना विभागप्रमुखांच्या शिफारशीवर विसंबण्यापेक्षा काही वस्तुनिष्ठ कसोटी असावी, हा विचार प्रथम ठसठशीतपणे मांडला तो कॅलिफोर्नियातील पोमोना कॉलेजच्या ग्रोस आणि ग्रोस या दोघांनी. १९२७ साली ‘सायन्स’मध्ये त्यांनी एक छोटा लेख लिहिला. लहान कॉलेजाला रसायनशास्त्राची सगळी नियतकालिके घेणे परवडत नाही, मग कोणती घ्यावीत? त्यांनी केले ते असे की अमेरिकन केमिकल सोसायटीच्या नियतकालिकाचा १९२६ सालचा खंड घेतला, त्यातल्या सर्व लेखांच्या तळटिपा एकेक करून मोजल्या, आणि साडेतीन हजारांहून अधिक संदर्भ कोणकोणत्या नियतकालिकांचे आहेत याचे कोष्टक मांडले. रसायनशास्त्रज्ञ स्वतः कशाचा आधार घेतात ते पाहा आणि तेच विकत घ्या, असा हा व्यवहारी तर्क होता. जर्मन नियतकालिके त्या कोष्टकात इतकी वर आली, की रसायनशास्त्र शिकणाऱ्याला जर्मन वाचता आलेच पाहिजे हा निष्कर्षही ओघानेच निघाला. ग्रंथालयाची खरेदी मोजताना अभ्यासक्रमाची भाषा ठरावी, हे त्या दोघांनाही आधी अपेक्षित नसावे.

सात वर्षांनी लंडनच्या सायन्स म्युझियमच्या ग्रंथालयाचे प्रमुख एस. सी. ब्रॅडफर्ड यांनी याच मार्गावर एक मोठे पाऊल टाकले. लेखांचे सारांश छापणारी इतकी नियतकालिके असूनही पुष्कळसे लेख त्यांच्या नजरेतून सुटतात, याचे त्यांना कोडे पडले होते. उपयोजित भूभौतिकी या विषयावरील १३३२ संदर्भ त्यांनी तपासले, ते ३२६ नियतकालिकांत विखुरलेले निघाले. परंतु ही विखुरण आंधळी नव्हती. पहिल्या अवघ्या ९ नियतकालिकांत ४२९ लेख होते, पुढच्या ५९ मध्ये ४९९, आणि उरलेल्या २५८ नियतकालिकांत मिळून ४०४. म्हणजे जवळजवळ तितकेच लेख मिळवण्यासाठी प्रत्येक टप्प्यावर नियतकालिकांची संख्या काही पटींनी वाढवावी लागते. १९३४ साली प्रसिद्ध झालेला हा नियम आज ब्रॅडफर्डच्या नावाने ओळखला जातो. त्याचा मथितार्थ असा, की कोणत्याही विषयाचा एक छोटा गाभा असतो, पण गाभ्याबाहेरचे लेख टाकाऊ नसतात, केवळ दूरवर पसरलेले असतात. पदरी बेताचेच पैसे असलेल्या ग्रंथपालाने या नियमाचा पहिला अर्धा भाग तेवढा लक्षात ठेवला, हे समजण्याजोगे आहे.

त्याच ग्रंथालयाच्या देवघेवीवरून १९५६ साली डोनल्ड उर्क्हार्ट यांनी जी गणना केली तिने तर कित्येकांची झोप उडवली. बाहेरच्या संस्थांना उसनवार गेलेल्या अंकांचे दाखले वर्षभर तपासल्यावर असे दिसले, की नऊ हजारांहून अधिक नियतकालिकांपैकी निम्म्याहून जास्त एकदाही मागितली गेली नव्हती, आणि सुमारे साडेतीनशे नियतकालिकांनीच एकूण मागणीपैकी निम्मी मागणी भागवली होती. उर्क्हार्ट यांनी यातून काढलेला मार्ग धाडसी होता. कमी मागणीची नियतकालिके प्रत्येक विद्यापीठाने वेगवेगळी घेत बसण्याऐवजी एकाच ठिकाणी एक प्रत ठेवावी आणि मागेल त्याला टपालाने पाठवावी. यॉर्कशरमधील बॉस्टन स्पा येथे, दारूगोळ्याच्या एका जुन्या कारखान्याच्या आवारात, हे राष्ट्रीय उसनवार ग्रंथालय १९६० नंतरच्या दशकाच्या आरंभी उभे राहिले आणि पुढे १९७३ साली ब्रिटिश लायब्ररीत विलीन झाले. आपल्याकडे युनेस्कोच्या साह्याने १९५२ साली दिल्लीत स्थापन झालेले इन्सडॉक हे विज्ञानविषयक लेखांच्या प्रती मिळवून देण्याचे काम करीत असे. महाराष्ट्रातील कितीतरी प्रबंधांचे संदर्भ त्या प्रतींवर उभे आहेत.

येथे मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल शियाळी रामामृत रंगनाथन यांची आठवण होते. १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, त्यांतील तिसऱ्याचा आशय असा की प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे, आणि तो मिळवून देणे हे ग्रंथपालाचे कर्तव्य आहे. उर्क्हार्ट यांच्या कोष्टकातील हजारो न मागितलेली नियतकालिके रंगनाथनांना दाखवली असती तर त्यांनी ती हलवण्याचा सल्ला दिला नसता, त्यांनी ग्रंथपालाला जाब विचारला असता. माझ्या मते दोघांचेही खरे आहे, पण वेगवेगळ्या वाचकांच्या बाबतीत. अध्यापकाला आपली चारपाच नियतकालिके कुठे आहेत ते ठाऊक असते. विद्यार्थ्यापर्यंत नियतकालिक पोहोचवणारे कोणीतरी असावे लागते.

शिवाय मोजणीच्या साधनांतही खोट होती. खुल्या कपाटांच्या ग्रंथालयात नियतकालिके घरी नेता येत नाहीत, म्हणून देवघेवीचा दाखलाच उरत नाही. यावर उपाय म्हणून टेबलांवर पाटी लावण्यात येई: ‘वाचून झालेले अंक व खंड कपाटात ठेवू नयेत, टेबलावरच राहू द्यावेत.’ संध्याकाळी शिपाई ते गोळा करी, प्रत्येकाची नोंद करी आणि मग जागेवर लावी. ही रीत स्वस्त होती, पण तिचा भरवसा वाचकांच्या बेशिस्तीवर होता. ज्यांना घरी आणि शाळेत वस्तू जागच्या जागी ठेवायची शिकवण मिळालेली, असे विद्यार्थी पाटी न वाचता खंड मुकाट्याने कपाटात परत ठेवत आणि मोजणीतून नाहीसे होत. रॅकपाशी उभ्याने अनुक्रमणिका पाहून अंक पुन्हा फळीवर ठेवणारा अध्यापक तर कधीच मोजला गेला नाही. उलट एकाच संदर्भासाठी वीस खंडांचा ढीग टेबलावर रचून जाणारा एखादा उत्साही गृहस्थ एका दिवसात वीस वाचकांचे काम करून जाई. अशा आकड्यांच्या आधारे वर्गण्या तोडल्या गेल्या आहेत.

खंड किती काळ जिवंत राहतो, याचेही एक माप निघाले. बर्टन आणि केबलर यांनी १९६० साली किरणोत्सर्गाच्या परिभाषेतून ‘अर्धायुष्य’ हा शब्द उसना घेऊन वाङ्मयाला लावला. एखाद्या शास्त्रात आज दिल्या जाणाऱ्या संदर्भांपैकी निम्मे संदर्भ गेल्या किती वर्षांतले आहेत, ते त्या शास्त्राचे अर्धायुष्य. भौतिकशास्त्राचे ४.६ वर्षे, रसायनाचे ८.१, गणिताचे १०.५, भूगर्भशास्त्राचे ११.८ असे आकडे त्यांनी दिले. जागेच्या टंचाईने बेजार झालेल्या ग्रंथालयांना हे माप पथ्यावर पडले, कारण जुने खंड तळघरात हलवायला शास्त्राधार मिळाला.

परंतु इतिहास आणि साहित्य यांच्या अभ्यासकाला हे माप लावून पाहिले की ते उलटे होते. १८६७ साली सुरू झालेल्या ‘विविधज्ञानविस्तारा’चा खंड १९०० सालच्या वाचकाला जुना वाटला असेल, आजच्या संशोधकाला तो अस्सल साधन आहे, आणि भारत इतिहास संशोधक मंडळाच्या त्रैमासिकातील एखाद्या कागदाची छापील नक्कल, मूळ कागद जीर्ण झाल्यावर, पूर्वीपेक्षा अधिक मोलाची ठरते. अशा खंडांत वाचक जे शोधतो ते संपादकाने ज्यासाठी छापले त्याहून निराळेच असते. स्त्रीशिक्षणावर लिहिणारी विद्यार्थिनी लेख सोडून वाचकांची पत्रे पाहते. बाजारपेठेवर काम करणारा जाहिराती धुंडाळतो आणि कपाळाला हात लावतो, कारण बांधणी करताना मुखपृष्ठे आणि जाहिरातींची पाने अनावश्यक समजून काढून टाकण्याचा जुना प्रघात होता. मराठी नियतकालिकांत कोणता लेख कुठे आहे ते कळण्याची सोय शं. ग. दाते, दि. वि. काळे आणि शं. ना. बर्वे यांनी ‘मराठी नियतकालिकांची सूची’ तयार करून केली. तिच्यावाचून मराठी विभागातील अनेक प्रबंधांचे पहिले प्रकरणसुद्धा लिहून झाले नसते. सूची हाती असली तर विद्यार्थी धूळ खाणाऱ्या खंडाकडे नेमका जातो, नसली तर तो खंड न मागितलेल्यांच्या यादीत पडून राहतो. वापराचा आकडा या अर्थाने खंडाच्या योग्यतेपेक्षा सूचीच्या अस्तित्वाबद्दल अधिक सांगतो.

पैशाची बाजू थोडक्यात सांगून पुढे जाऊ. परदेशी नियतकालिकांच्या किमती डॉलर-पौंडांत ठरतात आणि ग्रंथालयाची तरतूद रुपयांत मंजूर होते. १९९१ च्या जुलैत रुपयाचे अवमूल्यन झाले तेव्हा त्याच तरतुदीत कमी वर्गण्या बसू लागल्या, आणि भारतीय विद्यापीठांतील अनेक संच त्या सुमारास खंडित झाले. कोणती वर्गणी तोडायची ते ठरवणाऱ्या समितीत प्रत्येक विभागप्रमुख आपापल्या यादीसाठी हिरिरीने भांडे. त्या यादीतील काही नावे निवृत्त झालेल्या एखाद्या प्राध्यापकाच्या आवडीमुळे पंचवीस वर्षे चालत आलेली असत आणि त्यांचे अंक कोणी उघडीत नसे, हे सर्वांना ठाऊक असूनही सौजन्यापोटी कोणी बोलत नसे.

मग लेख पडद्यावर आला. १९९५ साली अमेरिकेत मेलन प्रतिष्ठानाच्या पुढाकाराने जेस्टॉर ही संस्था निघाली, तिचा मूळ हेतू ग्रंथालयांची जागा वाचवणे हा होता: जुने खंड एकदा प्रतिमांकित करावेत आणि सर्वांनी तेच वापरावेत. प्रकाशकांनी आपली सगळी नियतकालिके एकगठ्ठा विकायला सुरुवात केली. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाने इन्फ्लिबनेटमार्फत २००४ साली विद्यापीठांसाठी ई-नियतकालिकांचा संघ उभारला, आणि लहान शहरांतल्या विद्यापीठांनाही एका रात्रीत हजारो नियतकालिके खुली झाली. येथे एक अनपेक्षित गोष्ट उघडकीला आली. अमेरिकेतील ओहायो राज्याच्या ग्रंथालयसंघाने गठ्ठ्याने घेतलेल्या नियतकालिकांचा वापर तपासला, तेव्हा उतरवून घेतलेल्या लेखांपैकी फार मोठा भाग अशा नियतकालिकांतला निघाला, जी त्या त्या संस्थेने छापील स्वरूपात कधीच घेतलेली नव्हती. वर्षानुवर्षे कपाटावरील मोजणी वाचकाची गरज मोजते असे समजले जात होते, वस्तुतः ती कपाटात काय ठेवले आहे तेवढेच मोजीत होती.

कॅरल टेनोपिर आणि डोनल्ड किंग यांच्या सर्वेक्षणांनुसार अमेरिकेतील विद्यापीठीय शास्त्रज्ञ १९७७ साली वर्षाला सरासरी सुमारे १५० लेख वाचीत, २००५ पर्यंत हा आकडा २८० च्या आसपास गेला; मात्र दर लेखामागचा वेळ पाऊण तासावरून अर्ध्या तासावर उतरला. अध्यापकाने अधिक लेख, अधिक झपाट्याने वाचायला सुरुवात केली, आणि तेही आता अनुक्रमणिकेवरून येत नसून शोधयंत्राच्या खिडकीत दोन शब्द टाकून येऊ लागले. म्हणजे अध्यापकाने विद्यार्थ्याची रीत उचलली. शेजारच्या पानावरचा लेख आता शेजारी नसतो. याचा विद्वत्तेवर काय परिणाम होतो यावर वाद आहे. जेम्स एव्हन्स यांनी २००८ साली ‘सायन्स’मध्ये दाखवले की नियतकालिके जसजशी पडद्यावर आली तसतसे संदर्भ अधिक ताज्या आणि मोजक्याच लेखांवर एकवटत गेले, पुढच्याच वर्षी लारिव्हिएर, गँग्रास आणि त्यांच्या सहकाऱ्याने विसाव्या शतकभराचे आकडे मांडून संदर्भांची एकवट उलट ओसरत चालली आहे असे प्रतिपादन केले. मला स्वतःला असे वाटते की दोघांनी मोजलेली माणसे एकच नव्हेत. ज्याला गाभा ठाऊक आहे त्याला यंत्राने दूरवर नेले आणि ज्याला ठाऊक नाही त्याला पहिल्या पानावरच थांबवले.

दालनाचे काय झाले? महाराष्ट्रातील कोणत्याही विद्यापीठीय ग्रंथालयात आज सकाळी जाऊन पाहावे, नियतकालिकांच्या दालनातली टेबले भरलेली दिसतील. बसलेले बहुतेक जण स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे असतात, पुस्तके स्वतःची आणतात, जागा आणि शांतता ग्रंथालयाची वापरतात. रॅकवरून ते ‘योजना’, ‘कुरुक्षेत्र’, ‘लोकराज्य’ आणि ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’ उचलतात, आणि या अंकांच्या कडा महिना संपण्याआधीच मऊ पडतात. संशोधन नियतकालिकांच्या धोरणात या वाचकाचा विचार कोणी केलेला नसतो. पण छापील अंकाचा शेवटचा नेमाचा वाचक कदाचित तोच आहे. अध्यापक क्वचित येतो, आणि आला तर कधी कधी आतला मजकूर न पाहता आरंभीच्या पानावरचा आय. एस. एस. एन. क्रमांक टिपून घेतो. पदोन्नतीसाठी प्रकाशित लेखांना गुण देण्याची पद्धत २०१० पासून रूढ झाल्यापासून नियतकालिकाकडे वाचक म्हणून जाणाऱ्यांपेक्षा लेखक म्हणून जाणारे वाढले असावेत, असा संशय येण्याजोगी परिस्थिती आहे. त्यात सगळा दोष अध्यापकाचा नाही. गुणांचा तक्ता ज्यांनी आखला त्यांनी वाचनाला एकही गुण ठेवला नव्हता.

केंद्र सरकारने २०२४ च्या नोव्हेंबरात ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ या योजनेला मंजुरी दिली आणि २०२५ च्या आरंभापासून ती अंमलात आली. तीन वर्षांसाठी ६००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके आणि ६३०० हून अधिक सरकारी शिक्षण व संशोधनसंस्था, असा तिचा विस्तार आहे. ज्या विद्यार्थ्याने एका लेखासाठी पुण्या-मुंबईच्या फेऱ्या मारल्या असत्या किंवा आडमार्गाने चोरटी प्रत उतरवून घेतली असती, त्याला आता तो लेख आपल्या वसतिगृहातून उघडता येतो, ही लहानसहान गोष्ट नव्हे. उर्क्हार्ट यांची एक प्रत सर्वांसाठी ही कल्पना टपालाशिवाय साकार झाली म्हणायची. प्रत्येक उघडलेल्या लेखाची नोंद यंत्र आपोआप ठेवते, एकसारख्या नियमांनी ती प्रकाशकाकडून ग्रंथालयाला मिळते, आणि टेबलावरच्या पाटीची गरज संपते.

मात्र हे आकडे जेथे पोहोचत नाहीत असा एक कोपरा मराठी मुलखातील प्रत्येक विद्यापीठात आहे. वाईच्या प्राज्ञपाठशाळेचे ‘नवभारत’, ‘महाराष्ट्र साहित्य पत्रिका’, पुणे विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विभागातून निघालेले ‘परामर्श’, ‘समाज प्रबोधन पत्रिका’, भारत इतिहास संशोधक मंडळाचे त्रैमासिक: यांतले काही किरकोळ वर्गणीने येत आले आहेत, काही विनिमयाने, काही नुसत्या स्नेहापोटी. मोठ्या प्रकाशकांच्या गठ्ठ्यात ती बसत नाहीत, त्यांना प्रवेशाचा परवलीचा शब्द लागत नाही, आणि म्हणून वर्षअखेर वापराचा जो तक्ता समितीपुढे येतो त्यात त्यांची ओळच नसते. मराठीचा किंवा महाराष्ट्राच्या इतिहासाचा संशोधक मात्र त्यांच्याच खंडांसाठी येतो, दात्यांच्या सूचीतून टिपलेले आकडे कागदावर घेऊन, आणि शिपायाला सांगून ते तळघरातून काढवून घेतो. त्या खंडांतले अनेक पुन्हा बांधायला आले आहेत. ई-नियतकालिकांचा खर्च केंद्राने उचलल्यापासून छापील नियतकालिकांवरची तरतूद कमी करावी असे मसुदे काही ठिकाणी तयार होत असतील. बांधणीची बाब त्याच सदराखाली येते, हे मसुदा लिहिणाऱ्याच्या लक्षात कोणीतरी आणून द्यावे लागेल.